नाव कोणतं घालू, बाई?

लग्न होऊन लकडगंजात आले, तेव्हा सगळ्यात आधी सवय करून घ्यावी लागली ती आरा मशीनच्या आवाजाची. सकाळी तो सुरू झाला की घरात एकमेकांशी जरा चढ्या आवाजातच बोलायचं. आता तो ऐकूही येत नाही. उलट मशीन बंद असली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आमच्या सासऱ्यांची इथे लाकडाची लहानशी टाल. नवी नवी असताना त्यांनी मला एकदा कौतुकानं ओंडके दाखवले होते. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान, बल्लारशाच्या डेपोतून आलेलं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्यानं ठोकलेली एक खूण होती. ‘ही खूण पाहिली की माल कोणाचा ते कळतं,’ सासरे म्हणाले. ‘ती खोडणं म्हणजे गुन्हा.’ मला ती थट्टा वाटली. पुढे कळलं की १९२७ सालच्या वन कायद्यात खरंच तसं कलम आहे, त्रेसष्टावं. खोटी खूण केली किंवा असलेली बदलली, पुसली, तर दोन वर्षांपर्यंत कैद!

म्हणजे बघा, मुकं लाकूड, पण ते कोणाचं हे त्याच्या अंगावर ठोकलेलं असतं, आणि त्या खुणेला सरकारचा पहारा.

आपल्या बायकांच्या वस्तूंवरही अशी खूण असते, हे मला तेव्हा सुचलं नाही. ते सुचलं २०२२ साली, घर बदलताना. दिरांचं आणि आमचं वेगळं झालं, आणि आम्ही याच भागात फ्लॅट घेतला. जुन्या घराच्या माळ्यावरून भांडी उतरवली तर अर्धी खोली भरली. पितळी डबे, तांब्याचा बंब, कोपर, परात, सात-आठ गंज. (आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. लकडगंजातला गंज वेगळा.) फ्लॅटच्या स्वयंपाकघरात हे सगळं ठेवायचं कुठे? आमच्या ह्यांनी मोडवाल्याला बोलावलं. त्यानं काटा मांडला आणि एकेक भांडं वजनाला लावू लागला.

सासूबाई दारात बसून गुपचूप पाहत होत्या. गुंडाची पाळी आली तेव्हा मात्र उठल्या. पुण्यामुंबईच्या मैत्रिणींनो, घाबरू नका. गुंड म्हणजे पाण्याचं पितळी भांडं, घागरीच्या जातीचं. त्या म्हणाल्या, ‘काय करून राहिला रे तू? तो ठेव खाली. त्याच्यावर माझं नाव आहे.’

मी वळवून पाहिलं. गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव होतं, चिंचेनं घासून घासून पुसट झालेलं. पण ते त्यांचं नव्हतंच! निदान मला माहीत असलेलं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि माझ्या सासूचं माहेरचं नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नाव इथे लिहीत नाही. त्या हे साप्ताहिक वाचतात.

त्यांच्या वडिलांनी आंदण म्हणून दिलेला गुंड. लग्नाआधीच कासाराकडे नाव घालून घेतलं होतं, म्हणून आधीचं नाव. मग लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि त्या मुलीचा मागमूस राहिला तो एवढ्या एका गुंडावर.

त्या दिवशी मोडवाला गेला आणि माझं डोकं सुरू झालं. या घरात माझं काय काय आहे? मनातल्या मनात यादी करू लागले. तुम्हीही करून पाहा. फार वेळ लागत नाही.

मी जवळच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्याच सुमारास सातवीच्या वर्गात षष्ठी विभक्ती आली. चा, ची, चे. मुलांना म्हटलं, घरातल्या वस्तूंची उदाहरणं द्या. हात भराभर वर झाले. पप्पांची गाडी. पप्पांचं घर. आजोबांची खुर्ची. दादाचा मोबाइल. आणि आईचं? आईचा मिक्सर, आईचा गॅस, आईची शिलाई मशीन. एक मुलगी म्हणाली, ‘आईचा फ्रिज.’ तिला विचारलं, ‘आईला तो फ्रिज कोणाला देऊन टाकता येईल का गं?’ ती हसायला लागली. ‘मॅडम, फ्रिज कसा देईल? पप्पा ओरडतील ना!’

व्याकरणात तिला पूर्ण गुण दिले. पण घरी येताना तेच मनात घोळत होतं. ज्या वस्तूनं आपण काम करतो तिला घरातले लोक आपली म्हणतात, आणि आपणही खुशाल म्हणून घेतो. ‘माझं स्वयंपाकघर’ म्हणून केवढा तोरा असतो आपला! पण माझी वस्तू म्हणजे जी मला कोणाला न विचारता उसनी देता येईल, मोडता येईल, देऊन टाकता येईल, ती. या मापानं मोजायला बसले तर माझ्या यादीत उरलं काय? चार साड्या, पुस्तकं, आणि आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या.

त्या पाटल्यांचीही एक कथा आहे. २०२० च्या टाळेबंदीत टाल बंद पडली. मजूर गावी गेले, उधारी अडकली. एके रात्री आमचे हे म्हणाले, ‘तुझ्या पाटल्या उद्या गोल्ड लोनसाठी नेतो आहे.’ नेऊ का, असं नाही, नेतो आहे. मी कपाटातून काढून दिल्या. आता कोणी म्हणेल, संसारात एवढं चालायचंच. खरंच आहे. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? मुळीच नाही. पण मग मी दिल्या असत्या. अडचणीला माझं सोनं कामी आलं, असं मला कायम म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. पाटल्या कपाटातून गेल्या आणि दीड वर्षानं कपाटात परत आल्या. मी मधे कुठेच नव्हते. ह्यांना नंतर एकदा हे बोलून दाखवलं तर ते खरोखरच गोंधळले. ‘अगं, परत आणल्या ना?’

स्त्रीधन हा शब्द आपल्याकडे किती जुना! मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, प्रेमानं दिलेलं, आणि आई, वडील, भाऊ यांनी दिलेलं. बाकी बाबतीत मनूनं बायकांना काय दिलं हा वेगळा विषय आहे, पण एवढं दिलं. आणि १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की स्त्रीधनाची पूर्ण मालकीण बायकोच. सासरच्यांच्या ताब्यात ते असलं तरी नुसतं सांभाळायला म्हणून. परत देत नसतील तर तो विश्वासघाताचा गुन्हा. त्या निकालानं घटस्फोटापर्यंत आलेल्या कितीतरी जणींना आधार मिळाला. पण सुखात नांदणाऱ्या बाईची पाटली तिला विचारून न्यावी, हे कोणतं न्यायालय शिकवणार?

आता फ्लॅटचं सांगते. तो माझ्या एकटीच्या नावावर आहे. ऐकून मैत्रिणींचे डोळे विस्फारतात. कारण ऐकलं की हसतात. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आमचा फ्लॅट पंचेचाळीस लाखांचा. पंचेचाळीस हजार वाचले. आधी अशी अट होती की सवलत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ साली काढून टाकली. ती काढली तेव्हा आमच्या इमारतीतल्या पुरुषमंडळींना किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

तर मी मालकीण झाले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो काढला, अंगठे उमटवले. पण टाइल्स ठरवल्या ह्यांनी आणि दिरांनी मिळून. मला रंग विचारला तो दारं रंगवून झाल्यावर. हे आता थट्टेनं म्हणतात, ‘मालकीणबाई, चहा मिळेल का?’ म्हणजे गंमत पाहा: गुंडावर नाव आहे, कागद नाही, फ्लॅटचा कागद आहे, पण मालकी अजून अंगात आलेली नाही. तरीही तो कागद मी जपून ठेवला आहे, स्वतःच्या कपाटात, पाटल्यांच्या शेजारी. नावापुरतं नाव असलं तरी ते काढायला माझी सही लागते. एवढी कळ माझ्या हातात आहे, आणि हे आमच्या ह्यांनाही माहीत आहे.

नावापुरत्या नावातूनही काही निघतं, हे मी शेतकरी बायकांचं वाचून शिकले. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीचं कर्ज फेडा, शेतातला तुकडा तिच्या नावावर करा, असं त्यांनी पुरुषांना सांगितलं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि आणखी कित्येक गावांत पुरुषांनी राजीखुशीनं जमिनी बायकांच्या नावावर केल्या. १९९२ साली सरकारी परिपत्रकही निघालं. त्याच्या आधारे नवरा अर्ज करून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. शेती असलेल्या वाचकभगिनींनी तलाठ्याकडे चौकशी करावी. फार खर्चाचं काम नाही, पण अर्ज नवऱ्यानं करायचा असतो. तिथेच घोडं अडतं.

इतकं सगळं झाल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, माझ्या माहेरून कागद आला.

माझं माहेर हिंगणघाटचं. बाबांनी तिथे नोकरीच्या पैशातून घर बांधलं. शिवाय गावाकडे वडिलोपार्जित थोडं शेत, ते दादा पाहतो. बाबा गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दादानं हक्कसोडपत्राचा मसुदा फोनवर पाठवला. ‘सही करायला कधी येतेस ते कळव, मी नंबर लावून ठेवतो.’ त्याचा सूर अगदी साधा, दिवाळीला कधी येतेस असा. आपल्याकडे हे इतकं सवयीचं झालं आहे की मागणाऱ्याला काही वाटत नाही आणि सोडणारीलाही नाही.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार पैशाचाच आला. मुलाची फी, फ्लॅटचे हप्ते. दुसरा विचार आला की माझी पाटल्यांबद्दल एवढी तक्रार, आणि इथे निदान सही तरी मागून राहिला आहे बिचारा. मग मसुदा नीट वाचला. दुसऱ्या पानावर आईचंही नाव होतं. आईही आपला हक्क सोडत होती!

आमच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान वकील आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण हा कागद आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळ जणींपुढे येणार आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाबांच्या स्वकष्टाच्या घरात आई, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा हिस्सा. मुलीचं लग्न झालं म्हणून तो जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क मिळायला मात्र उशीर झाला. महाराष्ट्रानं तो १९९४ सालीच दिला, पण २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. (माझ्या मावसबहिणीचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यातलं. एका मुहूर्तानं घात केला, म्हणून ती अजून हसते.) ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं हा भेद गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडील २००५ साली हयात असलेच पाहिजेत असं काही नाही. मुलीचा हक्क जन्मापासूनचा.

वकीलसाहेब पुढे म्हणाले, हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, आणि एकदा नोंदलं की परत फिरत नाही. फसवून किंवा धाकानं सही घेतली हे कोर्टात सिद्ध केलं तरच. मोबदला घेऊनही हक्क सोडता येतो, न घेताही. आणि सगळ्या मिळकतीचा एकदमच सोडला पाहिजे असं बंधन नाही. हे शेवटचं मला माहीत नव्हतं.

तलाठ्याकडच्या वारस नोंदीत माझी दोन्ही नावं आली आहेत, लग्नाआधीचं आणि नंतरचं, आणि मधे ‘ऊर्फ’. वर्तमानपत्रात चोरांच्या नावात असतं तसं. पण त्याशिवाय इलाज नव्हता. शाळेचे दाखले आणि बी.ए.चं प्रमाणपत्र एका नावाचं, आधार आणि बँक दुसऱ्या नावाची. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मला लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तांदळात लिहिलेलं नाव छान वाटलं होतं. विवाह नोंदणीचा दाखला जवळ होता म्हणून निभावलं. तो तुम्हीही सापडेल अशा जागी ठेवा.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील की दे सही, माहेर तुटायला नको. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी केली होती. दिवाळीला गेले होते, अंगणात बाजेवर बसून केली. भावानं चांगली साडी घेतली होती.’

‘मग माहेर राहिलं ना?’

‘राहिलं ना. भावानं शेवटपर्यंत बोलावलं, खोटं नाही बोलणार. पण काय सांगू तुला, त्याच्या आधी मी गेले की सरळ चुलीपाशी जायची. नंतर वहिनी चहा आणून द्यायची, तोपर्यंत बाहेरच बसून राहायची मी. तिनं काही म्हटलं नव्हतं. माझी मीच.’

एवढंच. सही कर किंवा नको करू, काहीच म्हणाल्या नाहीत.

आईला फोन केला. ती म्हणाली, ‘मला काय करायचं आहे नाव? दादा काय मला बाहेर काढणार आहे?’ नाहीच काढणार. माझा दादा तसा नाही. पण ज्या घराच्या विटांना तिनं भर उन्हाळ्यात स्वतः पाणी मारलं, त्या घरात सत्तराव्या वर्षी ती मुलाच्या चांगुलपणावर राहणार, आणि तो चांगला आहे म्हणून कोणाला त्यात काही वावगं दिसणार नाही. मला दिसलं.

दादाला सांगितलं, शेताचा कागद वेगळा कर, त्यावर सही करते. तू राबतोस, ते तुझं. घरावर मात्र आईचं नाव राहील, आणि माझंही. तो म्हणाला, ‘तुला हिंगणघाटचं घर घेऊन करायचं काय आहे?’

‘काहीच नाही.’

‘मग?’

त्या ‘मग’चं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. नुसतं, ‘राहू दे नाव,’ म्हटलं. शेताच्या कागदावर जुलैमध्ये सही करून आले. वहिनीनं चहा दिला. मी कप घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिला ते आवडलं की नाही, कळलं नाही. राखी यंदा पोस्टानं पाठवली. मिळाल्याचा दादाचा फोन आला, दोन मिनिटांचा. एवढा थोडका तो पूर्वी कधी बोलत नसे. पुढे काय होईल ते होईल. घराच्या आखीव पत्रिकेवर तीन नावं लागली आहेत, पहिलं आईचं. तिला तिची प्रत पाठवली. तिनं ती देवघरात ठेवली आहे, असं वहिनीच सांगत होती.

परवा सासूबाईंचा गुंड घेऊन इतवारीत गेले. नाव फारच पुसट झालं होतं, ते पुन्हा खोल करून घ्यायचं होतं. पूर्वी छिन्नी-हातोडीनं टिंबं टिंबं ठोकत. आता विजेची पेन्सिल असते, भुंग्यासारखी आवाज करते. दुकानदारानं गुंड फिरवून पाहिला. ‘हे जुनं घासून टाकतो, नवीन घालू का?’ म्हणाला. मी नको म्हटलं. सासूबाईंनी घरून निघताना बजावलं होतं, ‘माझं तसंच ठेव. खाली जागा असली तर तुझं घाल. तुझ्याकडेच राहणार आहे तो आता.’

जागा होती. ‘नाव कोणतं घालू, बाई?’ त्यानं विचारलं आणि पेन्सिल सुरू केली.

तो अक्षरावर पैसे घेतो. ‘ऊर्फ’सकट घातलं असतं तर बरेच झाले असते. मी बी.ए.च्या प्रमाणपत्रावरचं नाव सांगितलं, नुसतं नाव, पुढे वडिलांचं नाही आणि नवऱ्याचंही नाही. तीन अक्षरं, तीस रुपये.

घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून गुंड खिडकीपाशी नेला. स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. मग खालचं वाचलं.

‘हे कोण वं?’ त्यांनी विचारलं. मग त्यांच्याच लक्षात आलं.